ती खोली गोडाऊनला देऊ नका: आमच्या सोसायटीच्या मॅनेजिंग कमिटीला खुलं पत्र

प्रति,
चेअरमन साहेब, सेक्रेटरी मॅडम, खजिनदार आणि कमिटीचे सगळे मेंबर

सप्रेम नमस्कार.

लिफ्टशेजारच्या बोर्डावर तुम्ही लावलेली नोटीस वाचली. तळमजल्यावरची मदतीची खोली पुढच्या महिन्यापासून एका पार्सलवाल्या कंपनीला गोडाऊन म्हणून भाड्याने जाणार, आतलं सामान गच्चीवर टाकीच्या खोलीत हलवणार, मंगळवारची बिगर-सभासदांची गर्दी बंद, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यापुढे फक्त ॲडमिन मेसेज टाकणार. चार ओळी आणि खाली शिक्का, बस. हे बोलायला मी आधी ऑफिसातच आलो होतो, तर "काका, एजीएममध्ये मांडा ना" असं सांगितलं गेलं. एजीएम सप्टेंबरात होऊन गेली, तेव्हा हा विषय अजेंड्यावर नव्हताच, मग आता मी पुढच्या सप्टेंबरपर्यंत गप्प बसायचं आणि तोपर्यंत खोलीत खोके भरून झालेले असणार, असंच ना? म्हणून उघड लिहितोय. डोंबिवलीत आपल्यासारख्या सोसायट्या गल्लोगल्ली आहेत, तिथल्या लोकांनीही वाचावं असं वाटतंय, कारण मार्च २०२० ला सुरू झालेल्या असल्या गोष्टी आता सगळीकडेच हळूहळू गुंडाळल्या जातायत असं ऐकतो.

माझा यात काय संबंध ते आधी सांगतो, म्हणजे "रिटायर माणसाला वेळ जात नाही म्हणून भांडतोय" असं कोणी म्हणायला नको. म्हणणारे म्हणतीलच म्हणा.

मी रेल्वेतला, माटुंगा वर्कशॉपला नोकरी झाली. बायको जानेवारी २०२० मध्ये गेली. दिवसकार्य आटोपलं, पाहुणे पांगले, मुलगी फेब्रुवारीत बंगळुरूला परत गेली, आणि मी जरा घराबाहेर पडायला लागतोय तोवर ९ मार्चला पुण्यात पहिले पेशंट सापडले आणि पुढचं तुम्हाला माहितीच आहे. २२ तारखेला जनता कर्फ्यू, संध्याकाळी पाचला अख्खी सोसायटी गॅलरीत थाळ्या वाजवत होती आणि मी आत पंख्याखाली बसून होतो. त्याच रात्री लोकल बंद झाली. रुळांच्या जवळ राहणाऱ्या माणसाला गाडीचा आवाज ऐकू येतच नसतो, तो थांबला की मग डोकं दुखतं. २६ जुलैच्या पुरानंतरसुद्धा काही दिवसांत गाड्या हलल्या होत्या, इथे महिने गेले. मला स्वयंपाक येत नव्हता, चहा आणि टोस्टवर दिवस काढत होतो, दाढी सोडा आंघोळ पण दुपारी कधीतरी, कारण सकाळी उठून करायची कोणासाठी? मुलगी रोज व्हिडिओ कॉल करायची, तेवढ्यापुरता शर्ट घालायचो.

सी विंगमधल्या सिस्टर तेव्हा मुंबईत सरकारी हॉस्पिटलला जायच्या, लोकल नाही म्हणून अत्यावश्यकवाल्यांसाठी सोडलेल्या एसटीने, पहाटे बाहेर आणि घरी यायला रात्रीचे दहा. आपल्यातल्या काहींचं म्हणणं होतं की त्यांनी काही दिवस दुसरीकडे सोय बघावी (आता कोणालाच आठवत नाही हे कोण म्हणालं होतं, ठीक आहे, राहू दे). एका रात्री त्यांनी इंटरकॉमवर विचारलं की सकाळी कोणी एक लिटर दूध आणून दाराशी ठेवेल का, पोरं एकटी असतात. मी म्हटलं मी आणतो. सगळी सुरुवात एवढीच. नंतर दुधाबरोबर कोणाच्या बीपीच्या गोळ्या, कोणाचं गॅस बुकिंग, कोणाला पेन्शन काढून आणायची, ए विंगच्या कॉलेजच्या पोरांनी मोबाईलवर यादी बनवली, वहिन्यांनी पोळ्या वाटून घेतल्या, आणि तुमच्याच तेव्हाच्या कमिटीने ही तळमजल्याची खोली उघडून दिली. त्यात तेव्हा मोडक्या सायकली आणि गणपतीच्या मखराचा थर्माकोल होता.

एक उदाहरण सांगतो, बाकीची सांगत बसत नाही. ए विंगला चौथ्या मजल्यावर आजी राहायच्या, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत त्या पॉझिटिव्ह आल्या. बेड कुठेच नव्हता, नशिबाने लागलाही नाही, डॉक्टर फोनवरून बघत होते. मी सकाळी डबा दाराच्या कडीला अडकवायचो, बेल वाजवायची आणि मागे लिफ्टपर्यंत सरकायचं असा नियम होता. तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्या सेफ्टी डोअरच्या आतून म्हणाल्या, डबा नको आणूस रे, जेवण जात नाही, तू नुसता बस पाच मिनिटं. मग मी खालून प्लास्टिकचं स्टूल आणलं, लांब जिन्याच्या तोंडाशी टाकलं आणि मोबाईलवर पेपर उघडून मोठ्याने वाचायला लागलो. बातम्या नको म्हणाल्या, त्या दिवसांत बातम्या तरी काय होत्या, नाशिकला ऑक्सिजनच्या टाकीची गळती होऊन हॉस्पिटलात माणसं गेली ती त्याच महिन्यातली. म्हणून शब्दकोडं. मी जिन्यातून ओरडायचो "आडवे तीन, चार अक्षरी", आतून खोकत उत्तर यायचं, आणि मधेच त्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडा सांगायच्या, "चौऱ्याण्णव!", जसा काही सोडतीचा नंबर पुकारतायत. मी वहीत लिहायचो. ती वही अजून खोलीतल्या कपाटात आहे, सगळ्या मजल्यांचे आकडे आहेत तिच्यात, सहा मिनिटं चालायच्या आधीचा आणि नंतरचा. आजी बऱ्या झाल्या. त्यानंतर दोन वर्षं जगल्या आणि कोडं सोडवायला मला रोज वर बोलवायच्या.

आता हे मी कोणावर उपकार केले म्हणून सांगत नाहीये. उलट आहे. आठ वाजता आकडे घ्यायचे म्हणून मी सातला आंघोळ करायला लागलो. वहिन्या पोळ्या देताना दोन जास्तीच्या माझ्या हातावर ठेवायच्या म्हणून जेवायला लागलो. रात्री कोणाचा फोन येईल म्हणून झोपायला भीती वाटायची, पण निदान बायकोच्या रिकाम्या बाजूकडे बघत पडून राहायला वेळ नसायचा. मुलगी म्हणते पप्पा तुम्ही डिप्रेशनमध्ये होतात, असेन, मला ते नाव माहीत नव्हतं. मला एवढंच कळतं की त्या आजींना माझी जेवढी गरज होती त्याच्यापेक्षा मला त्यांची जास्त होती आणि हे त्यांनाही माहीत होतं, म्हणून तर "बस पाच मिनिटं" म्हणाल्या. तुमच्या नोटिशीत "मदत कार्य आता आवश्यक नसल्याने" असं लिहिलंय. कोणाला आवश्यक नाही? घेणाऱ्याला विचारलंत का? आणि देणाऱ्याला?

कोविड संपला हे मान्य. एकटेपणा संपलाय का? आपल्या ८४ घरांमध्ये आज ११ घरांत एकेकटं माणूस राहतंय, माझं धरून. २०१९ मध्ये अशी चार होती. पोरं पुण्याला, बंगळुरूला, कॅनडाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये अहवाल काढला, त्यात म्हणे जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा छळतोय आणि त्यापायी वर्षाला आठ लाखांहून जास्त माणसं मरतात. असलं कसं मोजतात देव जाणे, मुलीने पाठवला म्हणून वाचला. पण आपल्या लिफ्टमध्ये कोण कोणाशी किती बोलतं ते बघायला जिनिव्हाला जायला नको.

खोलीत आज काय चालतं ते बहुतेक तुमच्यापर्यंत पोचलेलंच नाही. दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहेत, वर्गणीतून घेतलेले. वॉकर, व्हीलचेअर, कमोड चेअर, एअर बेड, वरखाली होणारा एक पलंग. लागेल त्याने न्यायचं, पुसून परत आणायचं. मंगळवारी संध्याकाळी सहा ते आठ बीपी आणि शुगर मोजून देतो. भिंतीवर हॉस्पिटलच्या रात्रीचा तक्ता असतो, म्हणजे कोणाचा पेशंट ॲडमिट असेल तर रात्री सोबतीला कोण थांबणार, हे पैशाने मिळत नाही, मिळालं तरी परवडत नाही. आणि किल्ल्यांची पेटी. एकटे राहणारे आपापली जादा किल्ली पेटीत ठेवतात, पेटीची चावी दोघांकडे. सकाळी साडेआठपर्यंत ज्याची दुधाची पिशवी दारालाच लटकलेली दिसेल त्याची बेल वाजवायची, नाही उघडलं तर फोन, नाही उचलला तर पेटी. मागच्या पावसाळ्यात बी विंगमधल्या काकू बाथरूममध्ये पडल्या होत्या त्या अशाच सापडल्या.

आता तक्रारी. एकेक सांगतो, क्रमाने असतीलच असं नाही.

पहिली पद्धतीबद्दल. रोजचा कारभार कमिटीने चालवावा, सगळ्यांना विचारत बसलं तर पंपाचा वॉशर पण बदलून होणार नाही, पटतं. पण सोसायटीची सामायिक जागा बाहेरच्या कंपनीला गोडाऊनला देणं हे वॉशर बदलण्यासारखं नाही. जनरल बॉडीपुढे विषय यायला हवा होता. सप्टेंबरात आणला नाहीत आणि महिनाभरात नोटीस लावलीत, याचा अर्थ सप्टेंबरात डोक्यात नव्हता किंवा होता. दोन्हीपैकी काय ते तुम्हीच सांगा.

पैशाचं म्हणाल तर भाडं महिन्याला १८ हजार येणार असं कळलं. लिफ्टची मोटर गेलीये, रंगकाम थकलंय, रिडेव्हलपमेंटचं काही ठरेपर्यंत बिल्डिंग तगवायचीये, सगळं खरं आहे, खजिनदारांची तारांबळ मी बघतो. पण १८ हजार भागिले ८४ केलं की घरटी दोनशे चौदा रुपये होतात. दोनशे चौदा! एक पिझ्झा येत नाही हो. ते मेंटेनन्समध्ये वाढवा, जे खरंच अडचणीत आहेत त्यांचे आम्ही आपसात भरू, तेही नाव न घेता. आणि दिवसभर पार्सलवाल्यांच्या बाईक गेटमधून आत-बाहेर करणार, संध्याकाळी त्याच जागेत पोरं सायकली चालवतात, त्याचा हिशोब कोणी केलाय?

टाकीच्या खोलीचं तर मला हसावं की रडावं कळेना. तिथे वर्षभर ओल असते, भिंतीला हात लावला की हात पांढरा होतो. कॉन्सन्ट्रेटर हे मशिन आहे, आयुष्यभर मशिनं हाताळलीत म्हणून सांगतो, दोन पावसाळ्यांत भंगारात जाईल. शिवाय लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंत, वर तो अरुंद लोखंडी जिना. रात्री दोनला कोणाला पलंग लागला तर तो खांद्यावर घेऊन खाली कोण उतरणार, मी? एकाहत्तर वय आहे माझं. सामान तिथे हलवणं म्हणजे ते टाकून देणंच आहे, तसं सरळ लिहिलं असतंत तर निदान खरं तरी झालं असतं. तुमच्यापैकी दोघांच्या घरी २०२१ मध्ये याच खोलीतलं मशिन गेलं होतं. कोणाच्या ते मी लिहिणार नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते "बिगर-सभासद". हे बिगर-सभासद म्हणजे कोण? आपले वॉचमन, झाडूवाल्या मावशी, घरकामाला येणाऱ्या बायका, कचरा नेणारा मुलगा. मंगळवारी त्या कामं उरकून जाता जाता बीपी मोजून घेतात. त्यातल्या दोघींना शुगर आहे हे आपल्याच मशिनवर पहिल्यांदा कळलं, त्यांनी पुढे पालिकेच्या दवाखान्यात गोळ्या सुरू केल्या. लॉकडाऊनमध्ये दोन वॉचमन बिहारला जाऊ शकले नाहीत, मीटर रूममध्ये पोती अंथरून झोपायचे आणि दिवसरात्र गेट सांभाळायचे, आपल्या भाज्या त्यांनी सोड्याच्या पाण्यात धुतल्यात. तेव्हा ते बिगर-सभासद नव्हते वाटतं.

आणि ही खोली तीच आहे जिथे आपण दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो, पोरांची भाषणं होतात, सेक्रेटरी मॅडम तुम्ही स्वतः गेल्या वर्षी छान बोललात. पोरांना आपण शाळेचं सांगतो, शेणगोळ्यांचं सांगतो, शेवटचं सांगायचं राहतं. १८९७ च्या प्लेगमध्ये लोक पुणं सोडून पळत होते तेव्हा बाईंनी मुलाला, डॉक्टर यशवंतला बोलावून हडपसरच्या माळावर दवाखाना सुरू केला आणि मुंढव्याच्या वस्तीतलं एक आजारी पोरगं पाठीवर घेऊन तिथवर आणलं. ते पोर घरचं नव्हतं की नात्यातलं नव्हतं. पोर वाचलं, बाईंना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. तेवढं आपल्याकडून व्हावं असं कोणीच म्हणत नाहीये. आम्ही फक्त बीपी मोजतोय.

ग्रुपचं थोडक्यात. फॉरवर्डचा त्रास मलाही होतो, गुड मॉर्निंगची फुलं बंद करायचा ठराव आणा, पहिली सही माझी. पण रात्री अडीचला एखाद्याच्या छातीत दुखलं तर त्याने ॲडमिनला पर्सनल मेसेज टाकायचा आणि ॲडमिन उठेपर्यंत थांबायचं का? गेल्या डिसेंबरात ग्रुपवर "कोणाकडे गाडी आहे का, लगेच" एवढाच मेसेज पडला आणि पाच मिनिटांत तीन गाड्या खाली उभ्या होत्या. हे बंद करू नका हो.

राहता राहिला तुमचा एक मुद्दा जो मला पटतो, तो म्हणजे उद्या काही झालं तर जबाबदार कोण. प्रश्न रास्त आहे. आम्ही औषध देत नाही, सल्ला देत नाही, आकडा मोजतो आणि जास्त दिसला तर डॉक्टरकडे पाठवतो. किल्ली ठेवणाऱ्याकडून सही घेतो. हे सगळं आजवर तोंडी किंवा वहीत चाललं, ते नीट कागदावर आणू, वकील असलेल्या सभासदाकडून मसुदा करून घेऊ, नावं लिहून देऊ. जबाबदारीची भीती असेल तर ती वाटून घेता येते, त्यासाठी खोली बंद करायची गरज नाही.

मागण्या अशा:

१. पार्सल कंपनीबरोबरचा करार तूर्त थांबवा, आणि सही झाली असेल तर तसं बोर्डावर लावा.

२. या एका विषयावर विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागितली तर ती महिन्याच्या आत घ्यावी लागते हे सहकार कायद्यातच आहे. आपल्याकडे १७ सह्या लागतात, काल रात्रीपर्यंत ३१ झाल्यात, अर्ज या पत्रासोबत जोडलाय. सभेत बहुमताने गोडाऊन ठरलं तर मी स्वतः कपाट रिकामं करायला येईन.

३. तोपर्यंत सामानाला हात लावू नका, निदान कॉन्सन्ट्रेटर आणि किल्ल्यांची पेटी तरी.

४. मंगळवारी सोसायटीत काम करणाऱ्या सगळ्यांना येऊ द्या. गेटवर नोंद करू, ओळखपत्र बघू, काय हवं ते करू.

५. ग्रुप खुला ठेवायचा नसेल तर अडीअडचणीपुरता एक वेगळा ग्रुप करा, ज्यात कोणीही कधीही लिहू शकेल, आणि कमिटीतला एक जण त्यात असू द्या.

६. खोली भाड्याने द्यायचीच असेल तर गोडाऊनला नको, सकाळच्या वेळात क्लासला, योगाला द्या, भाडं कमी येईल पण संध्याकाळ आमची राहील. लाईट बिल आम्ही भरतो, आजही तेच करतो.

उत्तर लेखी हवंय, बोर्डावर लावलंत तरी चालेल. "काका भावनिक झालेत" असं तोंडी उत्तर मला जिन्यात मिळालंय, ते धरत नाही.

आणि एक विनंती, ही मागणीत धरू नका. आजवर तुमच्यापैकी एकही जण मंगळवारी खोलीत आलेला नाही, दारातून हात दाखवून गेलात तेवढंच. निर्णय घ्यायच्या आधी एकाने तरी दोन तास येऊन बसा, वही धरायला माणूस कमीच असतो. आलात की तुमचंही बीपी बघू. उपाशीपोटी यायची गरज नाही, संध्याकाळी शुगर रँडमच तपासतो.

आपला,
बी विंग, दुसरा मजला
(सभासद, थकबाकी शून्य)